ठेंगणा मांडव

दिवाकरने काढलेली माणसं वाकलेली आहेत, हे पहिल्यांदा दिनेशच्या लक्षात आलं. टेबलावर सात मजली इमारतीचा उभा छेद पसरलेला होता. म्हणजे इमारत वरपासून खालपर्यंत सुरीने कापली तर आत जे दिसेल ते. अशा नकाशात प्रत्येक मजल्यावर एकेक माणूस काढायची पद्धत असते. त्याला नाक-डोळे नसतात, नोकरी नसते, बायको नसते. खोली केवढी उंच आहे ते कळावं म्हणून नुसतं उभं राहायचं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. दिवाकरची माणसं तेवढंही करत नव्हती. सातही मजल्यांवर ती मान पुढे काढून, गुडघ्यांत थोडी मोडून, आत्ता काहीतरी टाळूला घासून जाणार अशा बेताने उभी होती. गच्चीवरचा माणूसही तसाच होता, आणि त्याच्या डोक्यावर तर आकाशाशिवाय काहीच नव्हतं.

“दिवाभाऊ, ह्यांच्यावर काय स्लॅब पडतोय का?” दिनेशने विचारलं. दिनेश बिल्डर होता. शाळेत तो दिवाकरच्या बाकावर बसायचा आणि भूमितीचं पुस्तक दिवाकरचंच वापरायचा. पुढे दोघांनी भूमितीचंच काहीतरी केलं, फक्त एकाने कागदावर आणि एकाने जमिनीवर. “गिऱ्हाइकाला मी साडेनऊ फुटाची हाइट सांगतो, आणि ही बघ. गुहेत राहिल्यासारखी.” तो हसला. दिवाकरही हसला. “आखाजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर भूमिपूजन धरलंय,” जिन्यापर्यंत जाऊन दिनेश परत वळून म्हणाला, “नानांच्या जमिनीचं तेवढं विचारून ठेव.” तो गेल्यावर दिवाकरने अर्ध्या ब्लेडने ट्रेसिंगवरची शाई खरवडून सगळी माणसं पुसली आणि नवी काढायला घेतली. पेन कागदाला टेकेपर्यंत माणूस सरळ असायचा. टेकलं की वाकायचा. पाचव्या मजल्यावरचा तिसऱ्यांदा खरवडताना कागदाला भोक पडलं, आणि तिथे माणसाच्या जागी नुसता उजेड आला. दिवाकरला तो इतरांपेक्षा बरा वाटला.

आपण वाकतो हे त्याला ठाऊक होतं. ते बाहेर पडून कागदावर आलं, याचा धक्का होता. घरातली गोष्ट बोहारणीला कळावी तसा. बायकोने, मालिनीने, एकदा विचारलं होतं, “अहो, लिफ्टमधून बाहेर येताना तुम्ही खाली काय बघता? काही पडलंय का?” मालिनी नाशिक रोडची, सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. तिथली छतं इतकी उंच की पंख्याला लांब दांडा लावावा लागे; त्यामुळे वर काही असू शकतं हे तिच्या शरीराला माहीतच नव्हतं. ती वाऱ्यावर घातलेल्या साडीसारखी सरळ चालायची. तो म्हणाला होता, “सवय.” पण सवय म्हणावं तर ती सगळीकडे नव्हती. ऑफिसात तो वाकत नसे, न्हाव्याकडे नसे, सिनेमाच्या थेटरात दार ठेंगणं असूनही नसे. वाकायचा तो आपल्याच इमारतीच्या जिन्यात, आपल्याच हॉलमध्ये टीव्हीच्या अलीकडे, कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर, आणि स्कूटरवर असला तर शाळेसमोरच्या गतिरोधकाच्या जरा पुढे. एकदा ऑफिसात काम नव्हतं तेव्हा त्याने ह्या जागा एका कागदावर टिंबांनी मांडल्या आणि पट्टी लावून जोडल्या. ड्राफ्ट्समनला दुसरं सुचणार काय. टिंबं जोडल्यावर जी आकृती आली ती त्याला पाठ होती. शहरात जिथे जिथे तो वाकत होता, तिथे तिथे पूर्वी त्यांचा मांडव होता.

मांडव म्हणजे द्राक्षांचा. जमिनीत लोखंडी अँगल रोवायचे, त्यांवर तारांचं जाळं ताणायचं, वेली खालून चढून वर त्या जाळ्यावर पसरतात. पानं वरच्या अंगाला, घड खालच्या अंगाला, आणि मधल्या हिरव्या काळोखात माणसांनी हात वर करून दिवसभर काम करायचं. गंगापूर रोडला आनंदवल्लीच्या अलीकडे तेव्हा असे मांडवच मांडव होते, आणि ते सगळे माणसाच्या डोक्यावरून जायचे. त्यांचा एकट्याचा जात नव्हता. ‘हिरामणचा ठेंगणा मांडव’ म्हणून तो लांबलांबपर्यंत माहीत होता. नव्या सोयऱ्यांना तो दाखवायला आणत. त्याची गोष्ट दिवाकरचे वडील हिरामण, म्हणजे नाना, प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला सांगायचे. मांडव उभा करायला पिंपळगावकडून एक कारागीर आला होता. त्याने विचारलं, उंची किती धरू? नानांनी जन्मात मांडव घातला नव्हता. ते म्हणाले, जिला काम करायचंय तिच्या हाताला धर. आणि शेणखत पसरणाऱ्या बायकोला हाक मारली. कुसाबाई आली. हात वर कर म्हटलं, तिने केला. कारागिराने मनगटाला धरून अँगलवर खडूची रेघ ओढली, तेवढ्यावर सगळे अँगल कापले, तारा ताणल्या, पैसे घेऊन गेला. आणि मग नाना सकाळी ऐटीत बागेत शिरले ते तारेला कपाळ आपटून मागे बसले. कुसाबाई वरंब्यावर नव्हे, दोन वरंब्यांमधल्या खोलगट सरीत उभी होती. सरीच्या खोलीएवढा सगळा मांडव खाली आला होता. “एका सरीपायी सगळं खानदान वाकलं!” इथे नाना टाळी द्यायला हात पुढे करायचे. टाळी घेणारा प्रत्येक वेळी वेगळा असायचा, पण हसणं तेच.

दिवाकर त्या मांडवाखाली वाढला, आणि चुकीच्या दिशेने वाढला. सातवीत तो आईच्या वर गेला, नववीत नानांच्या. पंप बंद करायला, डबा द्यायला, कोणाचा तरी निरोप सांगायला तो आत शिरला की पानांच्या कुठल्यातरी खोल भागातून आवाज यायचा: “वाक रे, वाक.” ती दिसायची नाही. मांडवात माणसं पायांवरून ओळखायची असतात. तिला त्याचे पाय दिसायचे आणि त्याला तिचे, टाचेला भेगा असलेले, डाव्या अंगठ्यात पितळी जोडवं रुतलेले. मग तो तसाच वाकून त्या पायांपर्यंत जायचा. हळूहळू तोंड दिसायचं. घड विरळ करता करता तिच्या बोटांना चिकाचा काळा थर बसलेला असायचा आणि तोंडात कायम एक कच्चा, आंबट, हिरवा मणी. “खाऊन बघ,” ती म्हणायची, जणू कालच्यापेक्षा आज काही फरक पडला असेल. पडलेला नसायचा. दात आंबायचे. तरी रोज तो खाऊन बघायचा. आता फळबाजारातून आणलेली द्राक्षं गोडच असायची. पहिला मणी तोंडात टाकताना तो डोळे बारीक करून तयार राहायचा, आणि मग गोड लागायचं, आणि फसवल्यासारखं वाटायचं. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता ‘वाक’ म्हणणारं कोणी नव्हतं, पण हे त्याच्या पाठीला कोणी कळवलेलं नव्हतं.

मोठ्या काकांनी आपला वाटा दिनेशला दिला तो आई जायच्या आधीच. पाट बंद झाला होता. ज्या उजव्या कालव्याचं पाणी ते प्यायले, त्यात पोहले, ज्याच्यावरून भांडले, तो बुजवून त्याचा रस्ता झाला होता. सकाळी ऑफिसं भरायच्या वेळी आता त्याला गाड्यांचं आवर्तन सुटायचं. काकांच्या जमिनीवर दिनेशने ‘द्राक्षवेल’ नावाची इमारत बांधली. काकांची विहीर तिच्या मधोमध येत होती. दिनेश म्हणाला, खड्डा आयताच आहे, आणि त्याने विहीर अर्धी बुजवून तिथे लिफ्ट बसवली. दिवाकरने तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, कारण नातेवाइकांना सवलत होती. लिफ्टला कायम ओल्या दगडाचा वास यायचा. इतरांना वाटायचं ग्रीसचा आहे. दिवाकर तिसऱ्या मजल्याचं बटण दाबून उभा राहायचा आणि त्याला वाटायचं, आपल्याला कोणीतरी दोराने ओढून वर घेतंय. वर गेल्यावर ओतून देतील. तळमजल्यावर दिनेशने प्लॅस्टिकचे जांभळे घड टांगले होते. तसा रंग आसपासच्या कुणाच्या बागेत कधी आला नव्हता. वॉचमन केरू ते फडक्याने पुसायचा, आणि पुसताना कोणी नाही असं बघून बागायतदारासारखा एकेक घड उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा.

खरे घड कुंपणापलीकडे होते. नानांचा सव्वा एकर उरला होता आणि त्याच्या कडेला त्यांच्या दोन खोल्या. दिनेशच्या माहितीपत्रकात ‘आपल्या गॅलरीतून बारमाही हिरव्यागार द्राक्षबागेचा देखावा’ असं छापलेलं होतं. देखाव्याचा मालक वेगळा आहे, एवढंच छापायचं राहून गेलं. लोक राहायला आल्यावरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये नानांनी छाटणी केली, आणि दुसऱ्या दिवशी मंडळी चहाचे कप घेऊन गॅलरीत आली तर समोर काळ्या काड्या. सोसायटीच्या सेक्रेटरी मोहिनीताई. त्यांचा फोन आला, “दिवाकर, आमचा व्ह्यू कोणीतरी तोडलाय.” त्याने सांगितलं की एप्रिलमध्ये सगळं कापावं लागतं, म्हणजे नव्या काड्या फुटतात, मग ऑक्टोबरात परत छाटायचं, म्हणजे त्या काड्यांवर फळ येतं. “वर्षातून दोनदा?” त्यांनी विचारलं, कुणाला फीट येते असं कळल्यावर विचारावं तशा आवाजात. मग पार्किंगमध्ये मीटिंग झाली. पहाटे फवारणीचा ब्लोअर नको, औषधाचा वास नको, शेणखत तर नकोच, आणि काम करणाऱ्या बायका मोठमोठ्याने हसतात ते जरा. मोहिनीताई वाईट नव्हत्या. पुण्याची बहीण आली की तिला त्या गॅलरीत नेऊन बाग दाखवायच्या, स्वतः लावल्यासारखी. एकदा गारा पडल्या तेव्हा नानांच्या आधी त्या रडल्या होत्या. त्यांनी अगदी मनापासून सांगितलं, “आम्हाला बाग हवीच आहे हो. फक्त तिथे शेती नको.” हा ठराव म्हणून मांडला गेला. अनुमोदनाला कोणी हात वर करेना. सगळे दिवाकरकडे बघत होते. अशा वेळी फार वेळ शांतता राहिली की त्याला अपराधी वाटायचं, त्यामुळे त्यानेच हात वर केला. सूचक मोहिनीताई, अनुमोदक दिवाकर, ठराव एकमताने मंजूर.

आणि ह्या वर्षी नानांचा उजवा हात वर जाईना. खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथे काहीतरी हुकाला अडकल्यासारखा थांबायचा. डॉक्टरने फ्रोजन शोल्डर म्हणून सांगितलं. नानांना नाव आवडलं. “गोठलाय म्हणे. कोल्ड स्टोरेजचा माल. बाहेर काढून ठेवला की येईल भानावर,” ते आल्यागेल्याला सांगायचे. मार्चमध्ये माल गेला, बाग रिकामी झाली, पानं जून होऊन तांबूस पडायला लागली. एका रविवारी दिवाकर खाली गेला तर ते बाजेवर डाव्या हाताने छाटणीच्या कात्रीला तेल देत बसले होते. “दिवा,” ते म्हणाले, “छाटणी झाली तर बाग हाय. नाय झाली तर आखाजीला दिनेशला देऊन टाक. माझा हात वर होत नाय. तू काय ते सांग.” बस, एवढंच. ठेव म्हणाले नाहीत, वीक म्हणाले नाहीत. ओरडले असते तर त्याला ओरडता आलं असतं. तो म्हणाला, “बघू.” बागेला ‘बघू’ कळत नाही. एप्रिलचा मध्य उलटून गेला की काड्या वेळेत पिकत नाहीत. मग ऑक्टोबरात काय छाटणार, आणि फळ धरणार कशावर? हे त्याला ठाऊक होतं. नानांना त्याला ते ठाऊक असल्याचं ठाऊक होतं. तरी नानांनी कात्रीला आणखी एक थेंब तेल दिलं.

रात्री जेवताना मालिनी म्हणाली, “तुम्हाला काय हवंय ते एकदा स्वतःला तरी सांगा.” त्याने वरणभात कालवता कालवता खरंच विचार केला. त्याला काय हवं होतं? बाग राहावी. सकाळी गॅलरीत गेल्यावर ती तिथे असावी, वाऱ्याने पानांची खालची फिकी बाजू वर यावी. आतून कोणीतरी आपल्याला वाक म्हणावं. पण ब्लोअर कोणी चालवायचा, बोअरला पाणी नाही तेव्हा टँकर कोणी आणायचा, मजूर कुठून, औषधं कोणी मारायची, ह्यातलं त्याला काहीच नको होतं. त्याला बाग हवी होती. फक्त तिथे शेती नको होती. अनुमोदन उगाच दिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो स्कूटर काढून दिंडोरीला गेला. देवरामची टोळी आता तिकडे असते हे त्याने ऐकलं होतं. देवराम आणि त्याची बायको तानुबाई पेठकडचे. भाताची कापणी झाली की डोंगर उतरून यायचे आणि छाटणीला, विरळणीला, काढणीला नानांकडेच उतरायचे. दिवाकरच्या लहानपणापासून. दिंडोरीला ते एका वाइनच्या बागेत भेटले. तिथे मांडवच नव्हता. वेली कुंपणासारख्या रांगांनी उभ्या होत्या, आणि माणसं सरळ चालत होती. दिवाकरला ते असभ्य वाटलं. देवरामने त्याला बांधावर बसवलं, पाणी दिलं, नानांचा खांदा विचारला, आणि मग सरळ सांगितलं, “दिवाभाऊ, हितं सीझनभर काम हाय. तुमचं म्हंजे दोन दिसांचं. आन् टोळी उतरवू कुठं? तुमच्या पार्किंगात?”

“मी करीन काहीतरी सोय,” दिवाकर म्हणाला.

“तुमी सोय करताल आन् ती बाई आमच्या हसन्यावर मीटिंग घेईल.” हे त्याच्यापर्यंत पोचलं होतं तर. देवराम रागावलेला नव्हता; पावसापाण्याचं बोलावं तसं बोलत होता. “नाय जमायचं ह्या साली.”

तानुबाई ओळीच्या पलीकडे काड्या बांधत होती. ती आधीच्या मापाचीच होती, म्हणजे दिवाकरच्या कोपरापर्यंत. “ठेंगण्या मांडवाची लय आठवन येते रे,” ती म्हणाली. “हात कदी भरून आले नाय तिथं. बाकी समद्या बागांमदी संध्याकाळी भाकरी थापाया हात उचलत नाय. तुज्या आईनं हात राखले आमचे.”

“चुकून का होईना,” दिवाकर म्हणाला.

तानुबाईने सुतळी तोंडात धरली होती ती काढली. “चुकून? कुसाबाई चुकून काय करायची कदी?”

“ती सरीत उभी होती ना मोजताना.”

“सरीत व्हती, पन आदी वरंब्यावर व्हती. मी शेनाची पाटी घिऊन मागं उभी. नानानं म्हटलं हात वर कर, तशी ती हळूच एक पाय खाली सरीत उतरली, मंग दुसरा. आन् मग केला हात वर. माज्याकडं बगून डोळा मारला.” ती हसायला लागली, अगदी सोसायटीने ठराव करावा इतक्या मोठ्याने. “बाप्ये येत्यात, बगून जात्यात. दिवसभर हात वर आमालाच धराया लागत्यात का नाय?”

“मग तिने सांगितलं का नाही कोणाला? एवढी वर्षं?”

“कोनी इचारलंच नाय.”

परत येताना तो ढकांब्याच्या पुढे स्कूटर बाजूला घेऊन उतरला. त्याला हसू येत होतं आणि हसू थांबलं की आणखी काहीतरी यायला बघत होतं, म्हणून तो हसत राहिला. म्हणजे नाना, काका, दोन्ही आत्यांचे नवरे, बँकेचा साहेब, द्राक्षाचे व्यापारी, आणि तो स्वतः. तीस वर्षं जो जो पुरुष त्या बागेत शिरला तो एका बाईच्या ठरवण्याने वाकून शिरला होता. आणि ती आतून रोज, अगदी काळजीने, सांगत होती, वाक रे, वाक. समोर कुणाचातरी नवा प्लॉट पाडलेला होता. चुन्याच्या रेघा, दगडांवर नंबर. त्याला एकाएकी तिच्या तोंडातला तो कच्चा मणी हवासा वाटला, इतका की दात आंबले. सांगितलं असतंस तर, तो मनात म्हणाला. सांगितलं असतं तर तो काय करणार होता? वाकलाच असता.

सोमवारी सकाळी तो दाढी करत असताना फोन वाजला. मोहिनीताई होत्या.

“दिवाकर, बागेत एक डोकं आहे.”

“कोणाचं?”

“ते वरून कसं कळणार? टोपी आहे. खाली शरीर नाही. पानांवर ठेवल्यासारखं आहे नुसतं.” त्या थांबल्या. “सरकलं. दिवाकर, ते सरकलं.”

तो साबण लावलेल्या तोंडानेच गॅलरीत गेला. बाग रस्त्यापर्यंत तांबूस हिरवी, सपाट, सतरंजीसारखी पसरलेली होती आणि तिच्या एका कोपऱ्यात, पानांच्या वर, गांधी टोपी घातलेलं एक डोकं होतं. डोक्याच्या पुढ्यात दोन हात पानांतून बाहेर आलेले. कात्री चमकत होती. डोक्याच्या मागे वावभर जागा बोडकी झालेली. मग डोकं बुडालं. बुडी मारलेल्या माणसासाठी सगळे श्वास धरतात तसा सगळ्या गॅलऱ्यांनी धरला, तो चार वेली पुढे ते पुन्हा वर आलं, टोपी सरळ केली आणि कामाला लागलं. दिवाकरला कळलं. हात वर जात नव्हता, म्हणून नाना स्वतः वर गेले होते. द्राक्षाचा क्रेट पालथा घालून त्यावर चढायचं, तारांच्या मधून डोकं काढायचं, तार छातीशी आली की गोठलेल्या खांद्यालाही ती पुरते. दुसऱ्या कुणाच्या सहा फुटी मांडवात शिडी लागली असती. इथे एका क्रेटवर भागत होतं.

लिफ्टला त्या दिवशी वास नव्हता, की साबणामुळे कळला नाही. कुंपणाच्या फटीतून तो आत शिरला आणि वाकला. आत तोच हिरवा काळोख, पण मागच्या बाजूला, जिथे कापून झालं होतं तिथे, ऊन थेट जमिनीवर पडलेलं. त्याने पाय शोधले. क्रेटवर नानांचे पाय होते, करकरीत वहाणांतले, टाचा जरा उचललेल्या.

“नाना, खाली उतरा.”

“का?” आवाज छताच्या पलीकडून आला.

“वर डोकं दिसतंय तुमचं.”

“डोकंच हाय ते. त्यात काय लाजायचं?” कात्रीचा आवाज, मग एक काडी पानांसकट दिवाकरच्या पायाशी पडली. “बायाबापड्या बघून राह्यल्यात मघापासून. एकीनं नमस्कार घातला.”

दिवाकर क्रेटशेजारी उकिडवा बसला. काय म्हणायचं ते ठरवून आला होता. ते सोडून भलतंच तोंडातून आलं. “नाना, आई सरीत मुद्दाम उतरली होती. तानुबाईने सांगितलं.”

वर कात्री थांबली. पाय हलले नाहीत. नाना म्हणाले, “मग? मला काय आता कळतंय होय? घरी आली तर तिच्या पायांना चिखल. वरंबा कोरडा व्हता, पाणी सरीत व्हतं. मोजलं तवा सरीत का आली, कुणी सांगितलं व्हतं तिला?”

“मग तारा वर का नाही घेतल्या?”

“का घ्यायच्या?” नाना म्हणाले, आणि पुन्हा कात्री चालली.

सगळ्या लग्नांतल्या सगळ्या पंगती त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. पुढे केलेला हात, टाळी, हसणं, आणि वाढप्याच्या मागे डोक्यावरून पदर घेऊन उभी असलेली ती, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी. दोघांनी मिळून ती गोष्ट तीस वर्षं सांभाळली होती; एकाने सांगून आणि एकीने न सांगून. तेवढ्यात वरून कात्री खाली आली, मूठ पुढे करून धरलेली. “घे. माझा दम गेला. काडीला एक डोळा राख, बाकी उडव. मायेनं बघत बसू नको, फुटंल परत.” नाना क्रेटवरून उतरले, टोपीतला पाचोळा झटकून त्याच क्रेटवर बसले आणि गुडघे चोळायला लागले. हा निर्णय झाला का, असं त्याने विचारलं नाही. कात्रीची मूठ गरम होती.

वाकून छाटायची पद्धत त्याला येत होती. मानेला कळ येईपर्यंत ती त्याने लहानपणी केलेली होती. तो दोन तारांच्या मधल्या फटीखाली सरकला. मग आधी गुडघे सरळ केले. मग कंबर. पाठीचे मणके एकेक करून विचारत होते, खरंच का. आणि तो त्यांना हो म्हणत होता. ह्या मांडवाखाली सरळ उभं राहायचा प्रकार त्याने उभ्या आयुष्यात केला नव्हता. पानं गालांवरच्या वाळलेल्या साबणाला घासली, कपाळाला कोळिष्टक लागलं, आणि डोकं बाहेर आलं. एकदम वारा, एकदम ऊन. डोळ्यांच्या पातळीवर पानांची सतरंजी थेट पाटाच्या रस्त्यापर्यंत गेलेली, तिच्यावरून एक चिमणी उड्या मारत त्याच्याकडे आली, जवळ येऊन दचकली. पलीकडे ‘द्राक्षवेल’ उभी होती, उभ्या छेदासारखी, मजल्यामजल्यावर गॅलरीत एकेक माणूस. सगळी जरा पुढे वाकून बघत होती.

“दिवाकर!” पहिल्या मजल्यावरून मोहिनीताई ओरडल्या. “आता दोन झाली म्हणायचं का?”

“एक उतरलं,” तो ओरडला. तिसऱ्या मजल्यावर मालिनी उभी होती, सरळ. तिने हात हलवला नाही, नुसता चहाचा कप उंच धरून दाखवला: आणू का? तो हो म्हणाला. मग त्याने पहिली काडी धरली, कोंब फुटायचा एक डोळा राखला आणि वरचं उडवलं. एक पानांचा झुबका सुटून खाली गेला आणि तेवढ्या जागेतून नानांची टोपी दिसली. वरून कोणीतरी “अरेरे” म्हणालं. आखाजीला जमत नाही, एवढं दिनेशला संध्याकाळी सांगता येणार होतं. पुढच्या चैत्राचं पुढच्या चैत्राला. त्याने दुसरी काडी धरली. तार त्याच्या बरोबर खांद्यावर आली होती. दहावीचा निकाल घेऊन तो बागेत आला त्या दिवशी आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला होता. हात पोचला नाही. मग तिने तो इथे ठेवला होता.